पट्ट्यावर चालण्याआधी

७ डिसेंबर १९८६, रविवार. सकाळी क्वार्टरच्या मागच्या नळावर बसून मी कॅनव्हासचे पांढरे जोडे घासत होते. जोडे शेजारच्या भाऊंचे होते आणि घालणार होते आमचे हे. मंगळवारी नागपूरला ह्यांची छातीची तपासणी होती. फिरत्या पट्ट्यावर चालायचं, चालता चालता हृदयाचा आलेख निघणार, असं ते काम होतं. फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पायात हलके जोडे हवेत, चप्पल चालणार नाही. ह्यांच्याकडे होते ड्यूटीचे लोखंडी नाकाचे बूट. ते घालून पट्ट्यावर चढले असते तर आधी पट्ट्यालाच दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

आम्ही भंडाऱ्याजवळच्या एका फॅक्टरीच्या वसाहतीत राहत होतो. हे फॅक्टरीत, मी प्राथमिक शाळेत. दिवाळीच्या आधीपासून ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. ड्यूटीवरून येताना समोरून वारा असला की नाल्यावरच्या पुलियाजवळ सायकल उभी करून कठड्यावर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा खाऊन राहिलो." आधी मीही सोडून दिलं. मग एकदा लक्षात आलं की हवा खाणारा माणूस पाय हलवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. हे गप्प बसायचे आणि डाव्या हातानं जबडा चोळायचे.

"गॅस आहे," हे म्हणाले. ओवा खाल्ला, हिंग लावलं. गॅस काही पुलिया पाहून येत नाही. मी सरळ दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं पलंगावर निजवून आलेख काढला, तो चांगला आला. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुखणं मीच काढलं होतं. पण डॉक्टरीणबाई गावाकडच्याच होत्या. त्या म्हणाल्या, "बसला बैल लंगडतो का नाही, कसं कळणार? चालवून पाहावं लागतं. हृदयाचंही तेच. आराम असला की त्याला रक्त पुरतं. काम पडलं की कमी पडते, अन् मग ते बोंबलते." त्यांनी नागपूरला नाव पाठवलं आणि तोवर जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या दिल्या. छाती आवळून आली की बसायचं, एक गोळी जिभेखाली धरायची, गिळायची नाही. गोळीनं नाही थांबलं तर तसंच दवाखाना गाठायचा.

गोळीनं ह्यांना आराम पडायचा, पण दर वेळी डोकं ठणकायचं. चेहरा लाल व्हायचा आणि हे दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबत बसायचे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, गोळीनं रक्ताच्या नळ्या सैल होतात, म्हणून तसं होतं, घाबरायचं काम नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढं त्याचाच उपयोग झाला.

रविवारी संध्याकाळी जोडे वाळले की नाही पाहायला शेजारचे भाऊ आले. ते ह्यांच्याच सेक्शनमध्ये होते. भाऊ आणि हे ओट्यावर बसले, मी दारात तांदूळ निवडत होते.

"पट्टा म्हने आपल्या खालून पळते," हे म्हणाले.

"पळू दे ना बे. टेस्ट कोनतीबी असो, पास व्हाची तरकीब असते. डोळ्याच्या टेस्टले काय केलतं आपन?"

डोळ्यांची गोष्ट मला ठाऊक होती. सेक्शनमधल्या सगळ्यांना तक्त्याची शेवटची ओळ पाठ होती. ज्याचा नंबर आधी लागे तो बाहेर येताना मागच्याला ती पुन्हा म्हणून दाखवी. ब्लड प्रेशर मोजायच्या आदल्या दिवशी मंडळी मीठ सोडत, ताक पीत, सावलीत बसून राहत. यात फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही नसे. तपासणी आली की ती पास करायची, बस. नाहीतर 'अनफिट' म्हणून सेक्शनमधून उचलून कुठंतरी खुर्चीवर बसवतील, आणि मग कँटीनमध्ये लोक जागा करून देतील, "बस बाप्पा, तुयी तब्येत नाही बराबर." ते ह्यांना सोसणारं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "ही तपासणी फॅक्टरीची नाही. तिथं तरकीब कायले पायजे?"

"वयनी, तुम्ही मास्तरीन. नापास झाल्यावर पोराची काय गत होते, तुमाले नाही ठावं?"

दोघं हसले. ह्यांची दुसरी काळजी आमच्या करडी गावची होती. करडीला आमची थोडी धानाची शेती, ती धाकटे दीर पाहत. कापणी होऊन पुंजणं, म्हणजे धानाच्या पेंढ्यांची गंजी, खळ्यावर रचून ठेवलेलं होतं. दर वर्षी चुरणीला, म्हणजे बैलांखाली धान मळायला, हे रजा काढून जात आणि पेंढ्या फेकण्यापासून पोती उचलण्यापर्यंत सगळं करत. या वर्षीही जाणार होते. तपासणी चांगली निघाली की त्याच आठवड्यात. मला भीती तीच होती. पुलियाजवळ बसायला कठडा तरी होता. खळ्यावर पाठीवर पोतं असताना छाती आवळली तर?

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. सांगितल्याप्रमाणे ह्यांनी निघण्याआधी दोन लहान पोळ्या आणि थोडी भाजी खाल्ली. त्यानंतर काही खायचं नव्हतं. चहा नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. खर्ऱ्याची पुडी मीच काढून घेतली होती. बाकी ज्या गोळ्या चालू होत्या त्यांतली कोणती त्या दिवशी घ्यायची आणि कोणती नाही, ते डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं. अंगात सैल सदरा, पायात भाऊंचे पांढरे जोडे. बसमध्ये हे आपल्याच पायांकडे पाहत बसले होते.

दवाखान्यात पट्ट्याची खोली लहान होती. दार उघडं असल्यामुळे बाकावरून मला आत दिसत होतं. पट्टा, पुढं धरायला दांडा, कागदाची लांब गुंडाळी निघणारं यंत्र, एक पलंग, आणि कोपऱ्यात झटका द्यायचं यंत्र. ते कशाला, असं मी तिथल्या तंत्रज्ञांना विचारलं. चाळिशीचे गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, हृदयाले मुद्दाम कामाले लावतो ना आपन. कधीमधी ते बिघडू शकते. क्वचितच. म्हनून तयारी. अन् म्हनूनच डॉक्टर हजर असल्याशिवाय मी पट्टा सुरू करत नाही."

ह्यांना त्यांनी विचारलं, "काका, आज छातीत दुखलं का?"

"नाई."

"छातीसाठी कोनती गोळी घेतली का? जिभेखालची?"

"नाई म्हनलं ना."

मग हे लघवीला जाऊन येतो म्हणून गेले. परत आले, सदरा काढून माझ्या हातात दिला आणि आत स्टुलावर बसले. तंत्रज्ञ त्यांच्या छातीवरचे केस जागोजाग काढून वायरी जोडलेल्या ओल्या चकत्या चिकटवू लागले. मी सदऱ्याची घडी करत होते. वर पाहिलं तर ह्यांचा चेहरा लाल झालेला. आणि दोन्ही अंगठे कानशिलांवर.

सकाळपासून हे एकदाही छाती धरून बसले नव्हते. पायऱ्या नीट चढले होते. म्हणजे दुखलं म्हणून गोळी घेतली नव्हती. पट्ट्यावर दुखू नये म्हणून घेतली होती.

पट्ट्यावर हे चालले असते. चांगले चालले असते. कागदावर सगळं ठीक आलं असतं आणि शनिवारी करडीला पोतं पाठीवर घेतलं असतं. डॉक्टर आत येऊन पट्ट्याजवळ उभे राहिले होते. मी सदरा बाकावर ठेवला आणि दारात गेले.

"डॉक्टरसाहेब, चालवायच्या आधी एक सांगायचं आहे. ह्यांनी आता जिभेखालची गोळी घेतली आहे."

हे तटकन उठले. छातीला लावलेल्या वायरी ओढल्या गेल्या. "काय बोलून राहिली तू? तुयं काय काम आत?"

"डोकं ठणकतं का तुमचं?" डॉक्टरांनी ह्यांना विचारलं. वयानं ते ह्यांच्याहून लहान असतील.

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"काका, मी पोलीस नाही. ठणकतं का?"

"... जरासं."

"मग आज नको. वायरी काढा."

"काहून? मी चालतो ना! पयून दाखवू का?"

"चालाल. तेच तर बिघडलं आहे. आज तुम्ही चालाल आणि मी लिहून देईन की काही सापडलं नाही. तुमचं दुखणं मला इथं पाहायचं आहे, या खोलीत, मी बाजूला असताना. तुम्ही ते गोळीखाली दाबून आणलंत."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, ह्यांना बसवलं आणि स्वतः पलंगावर टेकले. बाहेर आणखी माणसं थांबलेली होती, तरी त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, "इथं पास-नापास काही नाही. दुखेपर्यंत चाललात तर माझं काम झालं. न दुखता पुरेसं चाललात तरी झालं. फक्त जे होईल ते सांगायचं. छाती, जबडा, हात, दम, चक्कर, काहीही. पाय दुखले तरी सांगायचं. आणि उद्या खरंच छाती आवळली, तर तपासणीच्या भीतीनं गोळी टाळू नका. ती घ्यायचीच. मग मला सांगायचं की घेतली, आपण तारीख पुढं नेऊ."

पुढच्या सोमवारची वेळ मिळाली.

परतीच्या बसमध्ये मौदा गाव येईपर्यंत हे खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "चार मानसाईसमोर माही इज्जत काढली."

"हाव, काढली."

"घरी सांगता नसतं आलं?"

"घरी पट्टा नव्हता."

मौदा मागं पडल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "सेक्शनमधून काढतीन मले. अन् तिकडं पुंजनं तसंच पडलं आहे. लहान्या एकटा काय करन?"

"त्याचं पाहू. आधी हे सांगा, गोळीची अक्कल कोणाची?"

अक्कल भाऊंची होती. तपासणीआधीच्या आठवड्यात हे पहाटे भाऊंबरोबर मैदानाला चकरा मारत होते. व्यायाम होतो आहे म्हणून मला बरंच वाटलं होतं. ती तपासणीची तालीम होती हे मला माहीत नव्हतं. चकरा मारताना छाती आवळली की हे गोळी धरायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. "गाडी चढावाले लागाच्या आधी तेल टाकून घे," असं भाऊ म्हणाले होते. दुखतं आहे हे कळल्यावरही दोघांना दवाखाना आठवला नाही, तेल आठवलं.

भाऊ संध्याकाळी आलेच. मी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं.

"वयनी, मी चांगल्यासाठी सांगतलं."

"मला माहीत आहे. पण आता चकरा बंद. आणि जोडे सोमवारपर्यंत राहू द्या."

ते चार-पाच दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले. जेवले मात्र नीट. मी त्यांना समजावत बसले नाही. समजायचं ते डॉक्टरांनी सांगून झालं होतं.

सोमवारी पुन्हा तीच बस, तेच जोडे. या वेळी तंत्रज्ञांनी विचारायच्या आधीच हे म्हणाले, "गोळी नाही घेतली. काल सांजेले एक घेतली होती, दुखलं म्हनून." तंत्रज्ञांनी ते लिहून घेतलं. डॉक्टरांनी मला आत भिंतीशी उभं राहायची परवानगी दिली.

पहिल्यांदा पट्टा अगदी हळू फिरला. बाजारात भाजी पाहत जावं तसे हे चालत होते. दांड्यावर हात नुसते ठेवायचे होते, भार टाकायचा नव्हता. दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधलेला, तो थोड्या थोड्या वेळानं फुगवून पाहत होते. मग पट्ट्याचा पुढचा भाग वर उचलला गेला आणि वेगही वाढला. आता तळ्याची पाळ चढावी तसं दिसत होतं. कागद सरसर निघत होता. डॉक्टरांची नजर त्या कागदावर आणि ह्यांच्या तोंडावर.

"काही होतंय?"

"नाई."

चढ आणखी वाढला. ह्यांच्या कपाळावर घाम आला. दांड्यावरची बोटं आवळली गेली. मला ती पुलियावरची गप्प बैठक आठवली. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. या वेळी सांगायचं काम माझं नव्हतं.

"काका?"

हे दोन पावलं आणखी चालले. मग उजवा हात वर केला. "होऊन राहिलं. इथं, जबड्यात. अन् छातीत गच्च."

पट्टा एकदम थांबला नाही. उतरत गेला, हळू झाला, मग थांबला. ह्यांना धरून पलंगावर निजवलं, डॉक्टरांनी स्वतः जिभेखाली गोळी ठेवली. कागद मात्र निघतच होता. चालणं संपल्यावरचा आलेखही तितकाच कामाचा असतो, म्हणून लगेच उठू देत नाहीत. छाती मोकळी होऊन नाडी आणि दाब जागेवर येईपर्यंत ह्यांना तिथंच ठेवलं. डोकं ठणकत होतं, पण या वेळी हे चारचौघांसमोर अंगठ्यांनी कानशिलं दाबत होते.

मग डॉक्टरांनी आम्हाला कागद दाखवला. जिथं रेघ सपाट राहायला हवी तिथं ती चालता चालता खाली बसत गेली होती. "हृदयाला रक्त नेणारी एखादी नळी अरुंद झालेली दिसते," ते म्हणाले. "औषधं वाढवतो. पुढं त्या नळ्यांचा फोटो काढायचा की नाही, ते पाहू. कामावर जाता येईल, पण ओझं उचलायचं नाही, वाऱ्याच्या तोंडी सायकल नाही, खर्रा कायमचा बंद. शेतीचं जड काम या वर्षी अजिबात नाही."

"चुरनी?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

ह्यांनी मान हलवली. वाद घातला नाही.

तेव्हापासून आमच्या वसाहतीत कुणाला या तपासणीला जायचं असलं की आधी आमच्याकडे येतात. मी जेवणाचं, जोड्यांचं, सदऱ्याचं सांगते. बरोबर घरचं माणूस न्या, म्हणते. गोळ्या मनानं बंद करू नका आणि मनानं घेऊही नका. बायकांनाही एक सांगते, ते मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकांच्या बाबतीत हा आलेख कधी कधी उगाच वाईट येतो, म्हणून कागद पाहून रडत बसू नका, पुढं विचारा. आणि चांगला आला म्हणजे जन्मभराचा दाखला मिळाला असंही नाही. पुन्हा दुखलं तर पुन्हा जायचं. हे शेजारी बसलेले असले तर मधेच तोंड घालतात आणि पट्ट्यावरचा चढ हातानं करून दाखवतात.

त्या सोमवारी घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाऊ फाटकाशीच उभे होते. "काय झालं? पास?"

"पास-नापास नसते बे तिथं," हे म्हणाले. "दुखलं का हात वर कराचा. मी केला." जोडे काढून त्यांनी भाऊंच्या हातात दिले. मग म्हणाले, "तूबी जिना चढून थांबतं, मले दिसते. दाखवून ये एकडाव."

"मले कायले? मी ठनठनीत हावो," भाऊ म्हणाले. पण जोडे हातात घेऊन ते तिथंच उभे राहिले.

रात्री जेवताना हे म्हणाले, "लहान्याले निरोप धाडा लागन. मजूर पाहा म्हना."

"निरोप कशाला, मीच जाते. शाळेत दोन दिवसांची रजा टाकते. पोती उचलायला माणसं लावू, बाकी मी आणि जाऊबाई करू."

"तुले जमन?"

"मी काय शहरातून आली का?"

ते भाताकडे पाहत हसले. आठवडाभरात पहिल्यांदा. मग नेहमीच्या हुकमी आवाजात सुरू झाले, कोणता बैल मधात बांधायचा, मळून उरलेल्या पेंढ्याची तनस कुठं रचायची, कोणत्या मजुराच्या भरवशावर राहायचं नाही. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "उडवताना हवा कोनीकडून येते ते पाहून उभी राहजो. नाही त कोंडा डोयात जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या नव्या गोळ्या डब्यात लावून दिल्या, हे फॅक्टरीच्या बसमध्ये बसले ते पाहिलं, शाळेत रजेचा अर्ज दिला आणि करडीची गाडी पकडली. दुपारच्या आत पदर खोचून खळ्यावर उभी होते. दिरांनी पहिली चुरणी सकाळीच उरकून ठेवली होती. हातात सूप घेतलं, वारा उत्तरेकडून येत होता, त्याला पाठ दिली आणि धान उडवायला लागले.